चुनखडकातून वाहणाऱ्या पाण्याचे गणित

छत्तीसगडची राजधानी रायपूर प्राचीन चुनखडक आणि शेल यांच्या थरांवर वसली आहे. या भागात एका विंधन विहिरीला मुबलक पाणी लागते, तर थोड्याच अंतरावरील दुसरी कोरडी जाते. याचे कारण खडकांच्या रचनेत आहे.

खडकात पोकळी असणे आणि तीतून पाणी वाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला सच्छिद्रता, तर दुसरीला पारगम्यता म्हणतात. चिकणमातीचा जवळपास निम्मा भाग पोकळ असू शकतो. मात्र तिची छिद्रे अतिसूक्ष्म असल्याने पाणी पुढे सरकत नाही.

फ्रान्समधील दिजाँ शहराचे अभियंता आंरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी सोडून केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. पाण्याच्या पातळीतील फरक वाढला की प्रवाह त्याच प्रमाणात वाढतो आणि थराची लांबी वाढली की तो घटतो, असा हा नियम आहे. भूजलाचे गणित आजही त्यावर आधारलेले आहे.

प्रत्यक्ष मोजणीसाठी एका विहिरीतून ठराविक वेगाने पाणी उपसून शेजारच्या विहिरींची पातळी किती वेळात किती उतरते, याची नोंद घेतली जाते. तिच्या विश्लेषणाचे सूत्र चार्ल्स थाईस यांनी १९३५ मध्ये मांडले. अशा नोंदींवरून संगणकावर प्रतिमान तयार करताना भूभागाचे लहान खंड पाडून प्रत्येकात येणाऱ्या व जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडतात.

रायपूरच्या चुनखडकात मूळची छिद्रे अल्प असून पाणी मुख्यतः भेगांमधून आणि खडक विरघळून झालेल्या पोकळ्यांमधून वाहते. मोठ्या पोकळीत ते वेगाने धावते आणि तेथे दार्सी यांचा नियम लागू पडत नाही. त्यामुळे सरासरीवर बेतलेले प्रतिमान संपूर्ण खोऱ्यासाठी उपयुक्त ठरले, तरी एखाद्या विहिरीबाबत फसवे ठरू शकते.

वाळूच्या थरातून झिरपताना पाणी बऱ्याच अंशी गाळले जाते. रुंद भेगांमध्ये तसे घडत नाही. सांडपाणी अशा भेगेत शिरल्यास ते अल्पावधीत पिण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणूनच पावसाचे पाणी जमिनीत मुरवताना ते आधी वाळू-खडीतून गाळून घेणे आवश्यक आहे. रायपूर येथे केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे. मात्र प्रतिमान कितीही प्रगत असले, तरी त्याची विश्वासार्हता विहिरींवरील नियमित नोंदींवरच अवलंबून राहते.