दोन यंत्रांचं बोलणं ऐकताना

पायथनमधून ईमेल पाठवायला मोजक्या ओळी पुरतात. ‘एसएमटीपीलिब’ हे मॉड्यूल घ्यायचं, सर्व्हरशी जोडणी करायची, पत्र त्याच्या हवाली करायचं. पण ‘सेट-डिबगलेव्हल’ नावाची एक सोय त्यात आहे. तिला १ हा आकडा द्या, आणि मॉड्यूल आतल्या आत जे काही बोलतं ते सगळं स्क्रीनवर उमटू लागतं. आणि ते चक्क वाचता येतं!

सर्व्हर आधी बोलतो: २२०, मी तयार आहे. आपल्याकडून ‘एहलो’ जातं, सोबत आपल्या यंत्राचं नाव. पलीकडून २५०, ठीक. मग पत्र कोणाकडून? २५०. कोणाला? पुन्हा २५०. ‘डेटा’ म्हटल्यावर मात्र उत्तर बदलतं, ३५४: सांगा आता. मग अख्खं पत्र जातं. एखादा सर्व्हर फार जुना निघाला आणि त्याला ‘एहलो’ कळलं नाही, तर मॉड्यूल त्याहून जुनं ‘हेलो’ म्हणून पाहतं.

पत्र संपलं हे सर्व्हरला कसं कळतं? ज्या ओळीत एका टिंबाशिवाय काहीच नाही, तिथे पत्र संपलं. मग पत्रातच कोणी अशी ओळ लिहिली तर? पत्र अर्ध्यात तुटायला हवं, पण तुटत नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आधी मॉड्यूल आणखी एक टिंब लावतं, आणि पलीकडचा सर्व्हर ते काढून टाकतो. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिलेल्या ‘आरएफसी ८२१’ या नियमपत्रात ही तोड सांगितलेली आहे. इतकी साधी आणि इतकी बिनचूक युक्ती मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

त्या तीन आकडी उत्तरांत तर मोठा इतिहास आहे. पहिल्या अंकातच निकाल असतो: २ म्हणजे झालं, ३ म्हणजे पुढे बोला, ४ म्हणजे आत्ता जमत नाही, ५ म्हणजे नाहीच. ४ आला की मेल सर्व्हर पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करतो, ५ आला की पाठवणाऱ्याला तसं कळवतो. आकड्यापुढचं इंग्रजी वाक्य माणसासाठी. यंत्राचं काम आकड्यावर भागतं.

ही पद्धत आली फाइली पाठवण्याच्या एफटीपीतून. एफटीपीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये लिहिला तो अभय भूषण यांनी. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीतले हे अभियंते तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. एसएमटीपी, म्हणजे ईमेल पाठवण्याची वर पाहिलेली पद्धत, येण्याआधी ईमेलसुद्धा एफटीपीवरूनच जात असे. पायथनचं ‘एफटीपीलिब’ उघडून पाहा, उत्तराचा पहिला अंक तपासणारा कोड तिथेही सापडेल.

वेबनेही हाच वारसा घेतला. पान सापडलं नाही की दिसणारा ४०४ त्याच घराण्यातला. फक्त इथे ४ चा अर्थ ‘मागणाऱ्याकडून चूक’ असा झाला. २०१५ मध्ये एचटीटीपीची दुसरी आवृत्ती आली तेव्हा वाचता येणाऱ्या ओळी जाऊन बाइटच्या चौकटी आल्या. तीन आकडी उत्तरं मात्र तशीच ठेवली गेली.