छऱ्याची बंदूक, पारध्याचा फास आणि रानाची पुस्तकं

महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. सुरुवातीचा दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या. शाळांतून घोषवाक्यं रंगवली जातात, तळ्याकाठी दुर्बिणी निघतात. पण ज्यांच्या नावाने हा आठवडा साजरा होतो त्यांतल्या एकाची पाखरांशी पहिली गाठ छऱ्याच्या बंदुकीतून पडली, हे भाषणांत सहसा कुणी सांगत नाही. सांगायला हवं. पाखरांवरची आणि रानावरची बरीच चांगली पुस्तकं शिकाऱ्यांनी लिहिली आहेत, नाहीतर शिकाऱ्याचं बोट धरून रानात गेलेल्या पोरांनी.

सालिम अलींचं लहानपण मुंबईत खेतवाडीत, मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी गेलं. मामा शिकारीचे शौकीन होते आणि भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक होती. तबेल्याच्या भिंतीत चिमणीचं घरटं होतं. दारात बसणारा नर या पोराने टिपला. थोड्या वेळात त्याच जागी दुसरा नर येऊन बसला, तोही टिपला. सात दिवसांत आठ नर गेले आणि चिमणीला दर वेळी नवा जोडीदार मिळत राहिला. पोराने हे वहीत लिहून ठेवलं. लिहिताना शास्त्राचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता, नेम लागल्याची फुशारकी होती. तीच नोंद पुढे चिमण्यांच्या वर्तनाचा पुरावा म्हणून छापली गेली. नंतर एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. मामांनी भाच्याला ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलर्डसाहेबांनी पोराला हाकलून न देता पेंढा भरलेल्या पाखरांची कपाटं उघडून दाखवली. १९८५मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे नाव त्या चिमणीवरूनच आलं आहे.

सोसायटीचीही एक गोष्ट मराठी माणसाला ठाऊक असावी. १८८३मध्ये ज्या आठ जणांनी ती काढली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मुंबईकर डॉक्टर होते. बाकीचे बहुतेक साहेब लोक होते, शिंगं, कातडी आणि पाखरं जमवण्याच्या नादातले.

आता आमच्याकडे येऊ. हिवरखेड अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेला काळी कपाशीची जमीन पूर्णेपर्यंत पसरलेली, उत्तरेला नजर उचलली की मेळघाटाची निळी भिंत. वारी भैरवगडाजवळ वाण नदी अडवून हनुमान सागर धरण झालं आहे. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी हिवरखेडचं स्टेशन सोडून वाण रोड, धूळघाट करत डोंगरात शिरायची, तेव्हा खिडकीची जागा मिळाली की पोरांचं अर्धं रान बसल्या जागी बघून व्हायचं. अशा गावात वाढलेल्या पोराला रान पुस्तकातून कळायची गरज नसते, असं वाटेल. उलट आहे. बेचकी आणि गोटे खिशात घेऊन फिरणारं पोट्टं रोज जे बघतं, ते बघण्यासारखं आहे हे त्याला पुस्तकच सांगतं.

याच सातपुड्यावर इंग्रजांनी दोन गाजलेली पुस्तकं लिहिली. कॅप्टन जेम्स फॉरसिथ यांचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१चं. वनखात्यात आणि निमाडच्या जमीन मोजणीत काम केलेला हा माणूस ऐन तिशीत गेला, पण त्याच्या पानांतून सागवान, गवा आणि पहाडातली माणसं अजून जिवंत आहेत. दुसरं रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांचं 'सिवनी', १८७७चं. हे शिकारी तंबूतल्या दिवसांचं पुस्तक, कादंबरीच्या ढंगात लिहिलेलं. १८८६मध्ये मुंबईच्या सोसायटीचं नियतकालिक निघालं तेव्हा त्याच्या संपादनात हेच स्टर्नडेल होते. किपलिंगने सिवनी कधी पाहिलं नव्हतं. 'जंगल बुक'मधलं रान त्याने बरंचसं स्टर्नडेलकडून उसनं घेतलं. म्हणजे मोगलीचं जंगल एका शिकाऱ्याच्या वहीतून निघालं.

या साहेबी पुस्तकांत एक खोट आहे आणि ती झाकू नये. वाघाचा माग काढणारा कोरकू किंवा गोंड बहुतेक ठिकाणी नुसता 'माग्या' म्हणून येतो, त्याला नाव नसतं. गोळी साहेबाची, पुस्तक साहेबाचं, डोळे मात्र दुसऱ्याचे.

पाणपक्ष्यांच्या शिकारीचं साहित्य तर त्याहून मोठं. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम मार्शल यांच्याबरोबर हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांचे तीन खंड १८७९ ते १८८१ या काळात काढत होते. बदकं, चाहे, तितर, लावे, भाट तितर, सगळे त्यांत रंगीत चित्रांसकट. पुढे सिमल्याच्या घरातून त्यांच्या हस्तलिखितांचा गठ्ठा नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकला. वर्षानुवर्षांच्या टिपणांच्या पुड्या झाल्या. ह्यूम यांनी पाखरांचा नाद सोडला आणि जमवलेले ऐंशी हजारांवर नमुने लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकले.

त्या शिकारीचा अतिरेक पाहायचा तर भरतपूरला जावं. १२ नोव्हेंबर १९३८ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पाखरं पडली. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे, आणि कोरणाऱ्यांना त्याचा अभिमान होता. त्या दिवशी सालिम अलींना बेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती. इंग्लंडातही शिकारीकडून रक्षणाकडे वळण आलं ते शिकाऱ्याच्याच बाजूने. पीटर स्कॉट हा दलदलीत हंस-बदकं मारत हिंडणारा चित्रकार. १९३५मध्ये 'मॉर्निंग फ्लाइट' लिहिणाऱ्या याच माणसाने १९४६मध्ये स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी संस्था उभारली.

बंदुकीचा हिशेब मात्र एकाच बाजूने मांडता येत नाही, आणि हे आमच्या मेळघाटाला चांगलं ठाऊक आहे. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ह्यूम यांनी १८७३मध्ये जगासमोर आणला, ब्लेविट यांनी गोळा केलेल्या नमुन्यावरून. १८८०च्या दशकात खानदेशात तळोदा-शहाद्याकडे डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आणखी काही मिळवले. १८८४नंतर खरा नमुना कुणाला मिळाला नाही. मध्येच कर्नल माइनर्ट्झहागन यांनी १९१४मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं सांगितलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक चुकीच्या जागी पिंगळा शोधत राहिले. पुढे अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातली कातडी तपासली. माइनर्ट्झहागनचा नमुना डेव्हिडसनचाच निघाला, चोरून, नव्याने शिवून आणि खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. खोट्या जागा नकाशावरून काढल्यावर १९९७च्या नोव्हेंबरात त्या सोबत्यांसह शहाद्याजवळच्या रानात गेल्या आणि दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. मग मेळघाटात शोध झाला आणि त्याची सर्वांत मोठी वस्ती इथेच असल्याचं कळलं. हिवरखेडच्या मागच्या डोंगरातला हा पक्षी सापडला तो एकशे दहा-पंधरा वर्षांपूर्वी मारलेल्या पाखरांच्या चिठ्ठ्या नीट वाचल्यामुळे. गंमत अशी की, घुबड असूनही रानपिंगळा दिवसा हिंडतो, उजेडात उघड्या फांदीवर बसतो.

मराठीत रानाबद्दल लिहिण्याची परंपरा शिकारीपेक्षा दयेतून सुरू झाली, आणि तीही वऱ्हाडात. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यात चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आसरा घेणाऱ्या सशाची लीळा आहे. पारधी मागे येतात, स्वामी त्यांच्याशी बोलतात, ससा वाचतो. मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात शिकारी आणि सावज समोरासमोर उभे आहेत, आणि पारध्यांना तिथे खलपुरुष केलेलं नाही, त्यांची समजूत घातली आहे. मला ही लीळा त्यासाठी आवडते.

आधुनिक मराठीत व्यंकटेश माडगूळकर हे शिकाऱ्याचं लेखकात रूपांतर कसं होतं याचं सर्वांत सरळ उदाहरण. माणदेशात ससे-तितरांच्या मागे हिंडलेला हा माणूस पुढे बंदूक घरी ठेवून वही आणि रेखाटनाची पेन्सिल घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिला. 'जंगलातील दिवस', 'नागझिरा' आणि वानरांच्या टोळीवरचं 'सत्तांतर' ही त्यातून आलेली पुस्तकं. 'सत्तांतर'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या वाक्यात शिकाऱ्याची काटकसर आहे. एक शब्द वाया गेला तर सावज उठून जाईल, असं लिहितात. नुसत्या सौंदर्यावर भाळून रानाबद्दल लिहिणाऱ्यांना हे जमत नाही.

मारुती चितमपल्ली जन्मले सोलापुरात, १९३२मध्ये, पण त्यांचं रान विदर्भाचं. कोइमतूरला वनविद्या शिकून आलेल्या या अधिकाऱ्याने नवेगावबांध, नागझिरा आणि शेवटी मेळघाट व्याघ्र प्रकल्प इथे नोकरी केली. नवेगावच्या तळ्याकाठी त्यांना माधवराव पाटील डोंगरवार भेटले. पाटील मुळात शिकारी. पाखराचा आवाज, बसण्याची फांदी, अंड्यांचा हंगाम त्यांना तोंडपाठ, आणि सरकारी अधिकाऱ्याने त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसण्यात कमीपणा मानला नाही. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'जंगलाचं देणं' वाचताना हे सतत जाणवतं: ढिवर, गोंड, कोरकू, पारधी यांच्याकडून मिळालेलं ज्ञान ते ज्याचं त्याच्या नावाने सांगतात. साहेबांच्या पुस्तकातला बिननावाचा माग्या इथे बोलायला लागतो. काही ठिकाणी ऐकीव गोष्ट आणि निरीक्षण यांची सरमिसळ होते, हे शास्त्राच्या चष्म्याने वाचणाऱ्याला खटकेल. मला ते किरकोळ वाटतं. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

पोरवयातल्या भटकंतीचं वऱ्हाडी पुस्तक मात्र कुणाही शिकाऱ्याने लिहिलेलं नाही. गो. नी. दांडेकर ८ जुलै १९१६ला परतवाड्यात जन्मले. मेळघाटाच्या त्याच भिंतीखाली, आमच्या पूर्वेला. कोवळ्या वयात स्वातंत्र्याच्या ओढीने ते घरातून पळाले. पुढची वणवण, उपास, साधुसंतांचे मठ, नर्मदेचा काठ, हे सगळं 'स्मरणगाथा'त आहे. घर सोडून निघालेल्या पोराची इतकी खरी गोष्ट मराठीत दुसरी नाही. 'पूर्णामायची लेकरं' तर वऱ्हाडी बोलीतच लिहिलेली. ती वाचताना हिवरखेडच्या माणसाला आपल्याच पारावर बसल्यासारखं होतं.

आता ज्यांच्याशिवाय हा लेख अपुरा राहील त्यांच्याबद्दल. अकोला, वाशीम, अमरावती या पट्ट्यात फासेपारध्यांचे तांडे आहेत. तितर धरायला त्यांनी बंदूक वापरली नाही. बारीक खुंट्यांची रांग गवतात रोवायची, प्रत्येक खुंटीला केसासारख्या दोराचा सरकफास. जवळ पिंजऱ्यात पाळीव तितर. ते ओरडलं की आपल्या हद्दीत परका आला म्हणून रानातला नर तावातावाने धावत येतो आणि मान किंवा पाय फासात अडकतो. मोठ्या पाखरांसाठी शिकवलेली गाय असते. गाय चरत चरत पुढे सरकते, तिच्या आडोशाने पारधी. गाय कुठे थांबेल, वारा कुठून आहे, पाखराची मान वर गेली म्हणजे किती वेळ दम धरायचा, हे सगळं बापाकडून पोराकडे जातं. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६च्या ग्रंथात पारध्यांच्या शाखा आणि त्यांच्या पद्धती नोंदलेल्या आहेत, पण बाहेरून बघणाऱ्याने. त्यांच्या स्वतःच्या तोंडून रानविद्येचं पुस्तक माझ्या वाचनात आलेलं नाही. १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का त्यांच्यावर बसला, तो १९५२मध्ये कागदावरून गेला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फास टाकणं गुन्हा ठरलं. कायदा हवाच होता. पण फास टाकणाऱ्याच्या पोराने पुढे काय करावं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

थोडं उत्तर याच जिल्ह्यांत मिळालं. पावसाळ्यात अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तणमोर येतो. नर गवतातून वर उडी मारून मादीला खुणावतो, तेवढाच क्षणभर दिसतो. जगातल्या अत्यंत धोक्यातल्या पाखरांत त्याची गणना होते. कारंज्याच्या संवेदना संस्थेने या माळरानांचं राखण फासेपारध्यांच्या सोबतीने सुरू केलं. ज्याचे पूर्वज गवतात फास रोवत होते तोच माणूस आता गवत कापायला कोणी आलं की आडवा उभा राहतो. घरटं कुठे असेल हे त्याला विचारावं, बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचं काम त्याच्या मागून चालत जाऊन नोंद करण्याचं.

बारा-तेरा वर्षांच्या पोराला यातलं पहिलं काय वाचायला द्यावं, असं गावात कुणी विचारलं तर माझी यादी छोटी आहे. 'चकवाचांदण' इतक्यात नको. ते चितमपल्लींचं आत्मचरित्र जाडजूड आहे आणि नोकरीतल्या कटकटी पोराला कंटाळवाण्या होतील. इंग्रजी येत असेल तर जिम कॉर्बेटचं १९५३चं 'जंगल लोर'. काळाढुंगीच्या रानात बेचकी, मग गलोल, मग एक नळी तडकलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेली ठासणीची दुनळी घेऊन हिंडणाऱ्या पोराचं ते पुस्तक आहे. येत नसेल तर माडगूळकरांचं 'जंगलातील दिवस'. त्यातली शिकार वगळून वाचायला सांगू नका. पोरगं नेमकी तीच पानं आधी वाचेल, आणि वाचू द्यावीत.