शंभर बाइटांचा पसारा

२०१७ साली आयबीएमने झेड१४ हा मेनफ्रेम आणला आणि सांगितलं, की हे एक यंत्र दिवसाला १,२०० कोटींहून अधिक व्यवहार पेलतं. विकणाऱ्याचाच आकडा, तेव्हा हवी तेवढी सूट देऊन वाचा. पण भागाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे १ लाख ३९ हजार व्यवहार.

आता समजा, प्रत्येक व्यवहाराची शंभर बाइटांची नोंद एकाच फाइलीत टाकायची आहे. एवढा भाबडेपणा प्रत्यक्षात कोणी करणार नाही, पण हिशेबापुरता चालेल. मेनफ्रेमवरच्या व्हीसॅम पद्धतीत यासाठी ईएसडीएस नावाची फाइल असते. आलेली नोंद शेवटी जोडायची, मधली एकही काढायची नाही. लिहायला हिच्याइतकी सोपी फाइल दुसरी नाही. मात्र जुन्या व्हीसॅममध्ये जागेचा पत्ता ३२ बिटांचा होता, म्हणून फाइल ४ गिगाबाइटला संपायची. आपल्या वेगाने ती जेमतेम पाच मिनिटांत भरते. पुढे विस्तारित फाइली आल्या. नोंदींसाठी ४,०९६ बाइटांचे कप्पे ठेवले, तर या फाइलींची मर्यादा १६ टेराबाइट. त्याही साधारण चौदा दिवसांत भरतील.

व्हीसॅममधल्याच आरआरडीएस नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत नोंदीला थेट क्रमांकाची जागा मिळते, शोधाशोध नाही. मोह होतो, की मोबाइल नंबरच क्रमांक म्हणून द्यावा. पण हा क्रमांकही ३२ बिटांचा, म्हणजे ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास थांबणारा. आणि भारतातला प्रत्येक मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतो, म्हणजे ६०० कोटींच्या पुढे. एकही नंबर बसत नाही!

खरी गंमत केएसडीएस या तिसऱ्या प्रकारच्या फाइलीची. बँका, विमा कंपन्या यांच्या व्यवहार हाताळणाऱ्या सीआयसीएस प्रणालींत ग्राहकाची नोंद किल्लीवरून शोधायला हीच लागते. ४,०९६ बाइटांच्या कप्प्यात शंभर बाइटांच्या ४० नोंदी मावतात, अशा १८० कप्प्यांचा एक कंट्रोल एरिया. हा १८० आला १९८९ च्या ३३९० डिस्कवरून: ट्रॅकवर १२ कप्पे, सिलिंडरमध्ये १५ ट्रॅक. आजची फ्लॅश साठवणही मेनफ्रेमपुढे ३३९० चाच वेश घेऊन उभी राहते.

किल्लीवरून कप्प्यापर्यंत नेणाऱ्या इंडेक्सच्या प्रत्येक पायरीवर १८० फाटे धरले, तर तीन पायऱ्यांत ५८ लाख ३२ हजार कप्पे आवाक्यात येतात. ४ गिगाबाइटच्या फाइलीत ते साडेदहा लाखच. म्हणजे चार कोटींपैकी कुठलीही नोंद फक्त चार वाचनांत, तीन इंडेक्सची आणि एक कप्प्याचं, हाती येते. ऐकायला छान, पण ३३९० ची तबकडी एक फेरी घ्यायला १४ मिलिसेकंद घेई. सरासरी अर्धी फेरी धरली, तरी चार वाचनांना २८. झेड१४ च्या वेगाने दर सेकंदाला तासाभराहून अधिक खोळंबा साठत जाईल. म्हणून इंडेक्स मेमरीतल्या बफरांत ठेवतात, चारातली तीन वाचनं तिथेच भागतात.

लिहिताना मात्र ही फाइल हट्टी आहे. कप्पा भरला, की तो दुभंगून निम्म्या नोंदी त्याच कंट्रोल एरियातल्या मोकळ्या कप्प्यात जातात. मोकळा कप्पाच उरला नसेल, तर अख्खा कंट्रोल एरिया दुभंगतो आणि ९० कप्पे, म्हणजे ३ लाख ६८ हजार ६४० बाइट, हलवले जातात. सगळं एका शंभर बाइटांच्या नोंदीपायी. एक पाहुणा आला म्हणून अर्धी चाळ नव्या इमारतीत हलवावी, तसंच हे. आणि तोवर बाकीचे व्यवहार दारात ताटकळतात.

यावर तोडगा मोकळ्या जागेचा. प्रत्येक एरियात २० टक्के, म्हणजे ३६ कप्पे, रिकामे सोडले, की ४ गिगाबाइटच्या फाइलीत ८५ कोटींहून अधिक बाइट नुसते पडून राहतात. किल्ली शाखा क्रमांकाने सुरू होत असेल आणि नवी खाती एकाच शाखेत उघडत असतील, तर त्यातलं जवळपास सगळं वाया. जाणकार मंडळी मग फाइल तुकड्यांत भरतात: थंड शाखांपर्यंत मोकळी जागा शून्य, मग आकडा बदलून गजबजलेल्या शाखेसाठी मोठी, आणि पुढे पुन्हा शून्य.