कल्टार टाकण्याआधी झाड मोजा



15 जुलै ते 15 ऑगस्ट हा हापूसच्या कलमांना कल्टार द्यायचा काळ. दरवर्षी एकच प्रश्न येतो, "झाडाला किती टाकू?" आणि उत्तर मिळतं दुकानातून, शेजाऱ्याकडून, नाहीतर बाग खंडाने घेणाऱ्याकडून. खरं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, दापोलीत तयार झालेलं आहे.

18 मे 1972 रोजी स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाचं मुख्यालय दापोलीला. तिथलं संशोधन संचालकांचं कार्यालय वेंगुर्ले, भाट्ये, शिरगाव अशा केंद्रांवरच्या प्रयोगांचं काम बघतं. एखादी गोष्ट प्रयोगात उतरली, की दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत ती मांडली जाते. तिथे मान्य झाली तरच ती "शिफारस" होते. साका न होणारा रत्ना आंबा, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती, आपल्या हातातला नूतन झेला हे सगळं या विद्यापीठाच्या कामातूनच आलेलं. एक वर्षाआड धरणाऱ्या हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून कल्टारची शिफारसही तिथलीच.

*शिफारस अशी:*

1. झाड निरोगी आणि दहा वर्षांपुढचं हवं. रोगट, अशक्त कलमांना देऊ नका.

2. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर मोजा, सरासरी काढा. दर मीटरला 3 मिली कल्टार. समजा 8 मीटर आणि 6 मीटर भरलं, तर सरासरी 7 मीटर, म्हणजे 21 मिली. बाटलीवर पॅक्लोब्यूट्राझोल 23 टक्के आहे ना, ते वाचा. टक्केवारी वेगळी असेल तर मात्राही बदलते.

3. बुंध्याभोवतीचं तण काढा. विस्ताराच्या निम्म्या अंतरावर गोलाकार 25 ते 30 खड्डे, 10 ते 12 सेंमी खोल पाडा. औषध 3 ते 6 लिटर पाण्यात मिसळून सगळ्या खड्ड्यांत सारखं ओता आणि खड्डे बुजवा.

4. जमिनीत ओल हवी, पण मुसळधार पावसात देऊ नका, वाहून जाईल. उघडीप बघा.

कल्टार हे खत नव्हे. ते झाडाची पालवीची वाढ रोखतं, म्हणून मोहोर येतो. "जास्त टाकलं तर जास्त आंबा" हा हिशोब इथे चालत नाही. मात्रा वाढली की मोहोर आखडून गुच्छासारखा होतो, पालवी खुजी राहते, झाड खंगत जातं. कल्टार दिलेल्या झाडाला खताचा पूर्ण हप्ता द्यायलाच हवा.

बाग खंडाने दिली असेल तर मात्रा करारात लिहून घ्या. खंडवाला दोन-चार वर्षांनी जाईल. कलमं आजोबांनी लावलेली, ती नातवापर्यंत टिकायची आहेत.

आणि एक काम करा. कोणत्या झाडाला, कोणत्या तारखेला, किती मिली दिलं ते वहीत लिहा. मोहोर कधी आला, तेही लिहा. पुढच्या वेळी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ बागेत आले की ती वही पुढे ठेवा. आपल्या कातळावरची अडचण आपण सांगितली, तरच दापोलीत तिच्यावर प्रयोग होईल.

मात्रेचा हिशोब जमत नसेल तर झाडाची दोन्ही मापं याच नंबरवर पाठवा. बाटली उघडण्याआधी पाठवा.