चैत्रगौरीची आरास : जुनी भांडी, ताजी फुले

मुलांनो, गुढीपाडव्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेला, महाराष्ट्रातल्या अनेक घरांत एक पाहुणी येते. ती चांगली महिनाभर राहते आणि अक्षय्य तृतीयेला निरोप घेते. ओळखलंत ना? चैत्रगौर! देवघरातल्या गौरीला छोट्याशा पितळी झोपाळ्यात बसवतात. दारात चैत्रांगणाची रांगोळी येते. तिच्यात सूर्य, चंद्र, शंख, कमळ, तुळशीवृंदावन, हत्ती, कासव, नाग, फणी-करंडा असं सगळं जगच असतं. मग महिन्यातला एखादा सोयीचा दिवस, बहुतेक वेळा मंगळवार किंवा शुक्रवार, बघून हळदीकुंकू ठरतं. कैरीची डाळ, थंडगार पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे आणि गौरीपुढे आरास.

ही आरास म्हणजे वसंत ऋतूचं प्रदर्शनच. पायऱ्या रचायच्या, त्यावर आजीची जुनी साडी पसरायची, सगळ्यांत वर गौर आणि खाली फुलं, फळं, फराळ. पण आज आपण बोलणार आहोत ते या आराशीच्या निमित्ताने माळ्यावरून खाली उतरणाऱ्या मंडळींबद्दल. घागर, कळशी, घंगाळ, परात, तांब्या, फुलपात्र, समई, अत्तरदाणी, गुलाबदाणी, चिनी मातीची बरणी. वर्षभर ही बिचारी अंधारात पडून असतात. ती उतरवलीत की लगेच पुसायला घेऊ नका. आधी वाचा!

भांडी वाचायची?

हो, अगदी खरं. पूर्वी लग्नामुंजीत भांडं भेट द्यायचं, तर त्यावर नाव घालून द्यायची पद्धत होती. छिन्नी-हातोडीने टिंबाटिंबांची अक्षरं काढत. कुणाला दिलं, कुणी दिलं, कधी दिलं. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट’ असा काहीतरी मजकूर असतो. ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, लग्नाच्या मुलीच्या नावामागे लावतात ते. कधी इंग्रजी तारीख असते, तर कधी शके. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे ‘शके १८७०’ वाचलंत, तर ते भांडं साधारण १९४८ सालचं. (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचा दिवस असेल, तर ७९ मिळवा.)

अक्षरं पुसट झाली असतील, तर त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. टिंबं कागदावर उमटतील. मग तो कागद घेऊन आजी-आजोबांकडे जा. “ही कोण?” एवढंच विचारा. पुढचा अर्धा तास कसा जातो ते कळणारही नाही!

स्टीलची भांडी घरोघरी आली, तशी पितळी भांडी जड वाटू लागली, घासायला त्रासाची वाटू लागली. कितीतरी भांडी मोडीत गेली. मोडीत भांड्याचं वजन होतं, त्यावरचं नाव कुणी वाचत नाही. एकदा भांडं भट्टीत वितळलं की पणजीचं नावही गेलं. तेव्हा घरात जी उरली आहेत, त्यांची वाचून नोंद करणं हे तुमचं काम. पुण्यात दिनकर केळकर यांनी अशाच घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी असं किती काय! लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. पुण्याला गेलात, तर जरूर पाहा.

चिंच बाहेर, कैरी आत

आता भांडी घासूया. पितळेवर चिंच आणि मीठ चोळलं की काळपटपणा जातो आणि भांडं झगझगतं. हे कसं होतं? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. हवेमुळे तांब्यावर काळपट थर बसतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं. तुम्हीच करून बघा. काळपट पडलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तेवढाच गोल ठिपका चमकेल. (ते बोट तोंडात घालायचं नाही हं! हात धुवा.)

आता जरा डोकं चालवा. चिंच बाहेरून जे करते, तेच कैरी आतून करणार नाही का? पितळी पातेल्यात पन्हं करून ठेवलं, तर कैरीतलं आम्ल भांड्याच्या आतलं तांबं विरघळवू लागतं आणि ते पन्ह्यात उतरतं. असं पन्हं प्यायलं, तर मळमळतं, उलट्या होतात, पोटात दुखतं. आपल्या आज्या-पणज्यांना हे चांगलं ठाऊक होतं. त्यासाठी मराठीत खास शब्दच आहे : कळकणे. “ताक पितळीत ठेवू नकोस, कळकेल!” असं आजीने म्हटलेलं ऐकलं असेल. आता पितळी भांडी वापरातून गेली, तसा हा शब्दही मागे पडला. आणि धोका नेमका इथेच आहे. भांडी शोभेसाठी परत येतात, पण त्यांच्याबरोबर यायला हवं ते ज्ञान येत नाही.

कल्हईवाला का येत असे?

मग पूर्वी याच भांड्यांत आमटी आणि सार कसं करत? तर आतून कल्हई लावून. कल्हईवाला अंगणात खड्डा करून कोळसे पेटवी, भात्याने वारा घाली. भांडं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकून आतली बाजू स्वच्छ करी. पांढरा धूर निघे. मग कथलाची कांडी टेकवून कापसाने भराभर फिरवी. शेवटी भांडं पाण्यात, चर्रर्र! आतून ते चांदीसारखं दिसू लागे. कथलाचा हा पातळ थर अन्न आणि पितळ यांच्या मध्ये उभा राहतो.

पण हा थर झिजतो. आतून पिवळे किंवा तांबूस डाग दिसू लागले की समजा, कल्हई गेली. आणि कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं. म्हणून कल्हईचं रिकामं भांडं गॅसवर ठेवायचं नाही आणि तारेच्या घासणीने घासायचंही नाही. आज कल्हईवाला क्वचितच दिसतो. पण भांड्यांच्या जुन्या बाजारपेठेत चौकशी केली, तर अजून सापडतो.

काय कशात ठेवायचं?

पन्हं : काच, स्टील किंवा चांगली चिनी मातीची बरणी यांत. पितळी पातेलं फार आवडतं? मग युक्ती करा. पन्हं स्टीलच्या भांड्यात ओता आणि ते भांडं पितळी पातेल्यात ठेवा. मधल्या जागेत बर्फ भरा. शोभाही झाली, गारवाही झाला!

कैरीची डाळ : पानाच्या द्रोणात भरा आणि द्रोण परातीत मांडा.

अख्ख्या कैऱ्या, कलिंगड, बत्तासे : पितळी ताटात खुशाल ठेवा.

साधं पाणी आणि फुलं : तांब्याच्या कळशीत, तांब्यात, घंगाळात उत्तम.

जुन्या रंगीत नक्षीच्या कपबशा : काही जुन्या रंगांत शिसं असे. आंबट पदार्थाने ते सुटू शकतं आणि शिसं मुलांच्या मेंदूला फार वाईट. अशा कपांत मोगऱ्याच्या कळ्या ठेवा, पन्हं नको.

फुलं कुठली?

चैत्रात काय तोटा! मोगरा, सोनचाफा, पांढरा चाफा, जाई, बोगनवेल. कुठे बहाव्याचे पिवळे घोस लोंबू लागलेले असतात. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या दुपारी आणून ओल्या फडक्यात ठेवा. हळदीकुंकवाच्या वेळेला त्या उमलतील आणि घर दरवळेल. देठाची फुलं असतील, तर देठ तिरका कापा आणि पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, नाहीतर पाणी कुजतं. घंगाळात पाणी भरून पाकळ्या तरंगत सोडा.

मात्र एक लक्षात ठेवा. कण्हेर दिसायला सुंदर, पूजेलाही चालते, पण ती सगळीच्या सगळी विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच. ही फुलं खाण्यापिण्याच्या जवळ ठेवायची नाहीत. आणि बाजारातल्या फुलांवर औषध फवारलेलं असू शकतं, म्हणून पन्ह्यात किंवा डाळीवर पाकळ्या टाकू नका.

चला, मांडूया

पाट, डबे, ट्रंक यांच्या तीन-चार पायऱ्या करा. उंच समया आणि कळशी मागे, बुटकी भांडी पुढे. कलिंगडाचं कमळ मोठ्यांकडून कापून घ्या. प्रत्येक भांड्याजवळ एक छोटी चिठ्ठी ठेवा : कुणाचं, कुणी दिलं, कोणत्या सालचं. हळदीकुंकवाला आलेल्या काकू-मावश्या गौरीला नमस्कार करतील आणि मग चिठ्ठ्या वाचत उभ्या राहतील. “अगं, आमच्याकडेही अस्सं घंगाळ होतं!” असं कुणीतरी म्हणणारच.

आईबाबांना एक विनंती. या एका दिवशी भांडी मुलांच्या हाती द्या. पोचा पडेल, चरा पडेल, पडू द्या. आरास उतरवताना मुलांना एक वही द्या आणि चिठ्ठ्यांवरचा मजकूर तीत उतरवून घ्यायला सांगा. कोणत्या भांड्याची कल्हई गेली आहे, तेही त्यातच लिहू द्या. आणि भांडी माळ्यावर चढवण्याआधी निदान एकाला तरी कल्हई करून घ्या. पुढच्या चैत्रापर्यंत ते स्वयंपाकघरात राहील, रोजच्या वापरात.