पालीत विष नसतं, मग पोट का बिघडतं?

उंब्रजसारख्या कृष्णाकाठच्या, उसाने वेढलेल्या गावात सरपटणारे प्राणी आपले शेजारीच. उसात धामण, ओढ्याला कासव, ट्यूबलाइटमागे पाल. नागाच्या विषाची धास्ती रास्तच आहे. पाल मात्र बिनविषारी असूनही आपल्याला आजारी पाडू शकते.

सुरुवात होते तिच्या आतड्यात. तिथे साल्मोनेला नावाचे जिवाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव, राहतात. पालीला, सापाला, कासवाला त्यांचा बहुधा काहीच त्रास होत नाही. म्हणून प्राणी तजेलदार दिसला तरी निर्धास्त राहू नये.

मग हे जिवाणू विष्ठेतून बाहेर पडतात. काळी लेंडी, टोकाला पांढरा ठिपका. फडताळात, पिठाच्या डब्यावर आपण ती नेहमी पाहतो. वाळली म्हणजे संपलं असं वाटतं आणि इथेच फसगत होते. वाळल्यावरही जिवाणू कित्येक दिवस तग धरतात. कोरड्या फडक्याने झटकली की तिचा भुगा भांड्यांवर बसतो. ओल्या कागदाने उचलावी, जागा साबणाने धुवावी, मग हात.

तिथून अन्नात. उघडी राहिलेली आमटी उन्हाळ्यात काही तासांतच जिवाणूंनी भरते. खळखळून उकळल्यावर ते मरतात. कोशिंबिरीला, माठातल्या पाण्याला ती सोय नाही. पाल पडलेलं अन्न मात्र सरळ टाकून द्यावं.

पाणी स्वच्छ राहावं म्हणून विहिरीत कासव सोडतात. ते किडे-शेवाळ खातं खरं, पण विष्ठाही तिथेच टाकतं! टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली, कारण मुलं ती तोंडात घालत. आपल्याकडे तर रानातलं कासव धरून पाळणं हाच १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

जिवाणू पोटात गेल्यावर ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कधीही मुरडा, जुलाब, ताप सुरू होतो. तोवर दोष कालच्या वड्यावर गेलेला असतो. जलसंजीवनी लगेच सुरू करावी. बहुतेक जण आठवड्यात बरे होतात. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेऊ नयेत. साध्या जुलाबात त्यांचा उपयोग नाही, उलट जिवाणू जास्त दिवस विष्ठेतून पडत राहू शकतात.

पाच वर्षांखालची मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यात संसर्ग रक्तात पसरू शकतो. शौचातून रक्त, न उतरणारा ताप, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर दवाखाना गाठावा. तिथे पालीचा किंवा कासवाचा संबंध आला असेल तर आपणच सांगावा. डॉक्टर ते विचारतीलच असं नाही.