तरंगत्या घोडीचा तोल

सतार असो वा व्हायोलिन, तारवाद्याची घोडी वाजवताना जागची हलू नये, अशी आपली साधी अपेक्षा असते. विजेच्या गिटारची एक जात मात्र अशी आहे की, तिची घोडी मुद्दाम हलती ठेवलेली असते. घोडीला जोडलेला दांडा दाबला की सहाही तारांचे स्वर एकदम उतरतात. वर उचलला की चढतात. सोडून दिला की सर्व काही पूर्वपदावर यावे, असा संकेत आहे. तो पाळला जात नाही, हेच या वाद्याचे दुखणे होय. महाड-पोलादपूरच्या भागात पेटी-मृदंगाच्या जोडीला आता उत्सवाच्या मंचावर गिटारही दिसू लागली आहे. ऐन कार्यक्रमात एक तार तुटावी आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर व्हाव्यात, हा प्रसंग वादकावर केव्हाही येऊ शकतो. दर वेळी मुंबई-पुण्याच्या कारागिराकडे धाव घेण्यापेक्षा असे का होते हे समजून घेतलेले बरे, असे आम्हांस वाटते.

१९५४ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्याने ‘स्ट्रॅटोकास्टर’ ही गिटार बाजारात आणली, तेव्हापासून या प्रकारच्या घोडीचा प्रसार झाला. तिला ‘ट्रेमोलो’ हे नाव पडले, तेही चुकीने. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणाचा कंप. स्वराच्या चढउताराचा कंप तो व्हायब्रॅटो, म्हणजे आपल्याकडील आंदोलनाचा दूरचा भाऊबंद. असो. नाव काहीही असले तरी रचना मोठी युक्तीची आहे. घोडीची पट्टी पुढच्या कडेवर टेकलेली असते. तिच्याखाली गिटारच्या पोटात धातूचा एक ठोकळा लोंबतो, आणि त्या ठोकळ्याला मागच्या बाजूने तीन ते पाच स्प्रिंगा ओढून धरतात. वरून तारा घोडीला पुढे झुकवू पाहतात, खालून स्प्रिंगा तिला मागे आणू पाहतात. नेहमीच्या जाडीच्या सहा तारांचा मिळून ओढा सुमारे ४५ किलो भरतो. या दोन ओढींच्या मध्ये घोडी अधांतरी तोल सांभाळून असते. म्हणून तिला तरंगती म्हणावयाचे.

आता दुखण्याचे मूळ ध्यानात येईल. एक तार बोटाने खेचून मींड घेतली की तिचा ताण वाढतो, घोडी किंचित पुढे झुकते आणि बाकीच्या तारा उतरतात. एक तार तुटली तर उलटे घडते: स्प्रिंगांची सरशी होऊन उरलेल्या तारा चढतात. तराजूच्या एका पारड्यातील दाणा काढला की दुसरे खाली जावे, त्यातलाच हा प्रकार.

यावर पहिला उपाय म्हणजे स्प्रिंगा वाढविणे. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. त्यांस वाटते की, जास्त स्प्रिंगा म्हणजे जास्त ओढ. पण तारांचा ओढा तोच असेल, तर तोल राखण्यासाठी स्प्रिंगांची एकूण ओढही तेवढीच राहिली पाहिजे. समजा, ती १५ किलो हवी आहे. तीन स्प्रिंगा असल्या तर प्रत्येकीवर ५ किलो, पाच असल्या तर प्रत्येकीवर ३ किलो भार येईल. मग फायदा कोणता? समजा, घोडी जागची हलली की प्रत्येक स्प्रिंगेची ओढ अर्ध्या किलोने वाढते. तीन स्प्रिंगा दीड किलोचा प्रतिकार करतील, पाच स्प्रिंगा अडीच किलोचा. ओढ तीच, ताठपणा मात्र अधिक. कशेडी घाट चढणाऱ्या मालमोटारीच्या स्प्रिंगेला पाटे वाढविले, तर त्याच ओझ्याखाली ती कमी दबते, तसेच हे.

कृती अशी: प्रथम तारा सैल कराव्या. नव्या स्प्रिंगा अडकवून, त्यांची दुसरी टोके ज्या पट्टीत असतात तिचे दोन लांब स्क्रू थोडे सैल करावे. मग तारा सुरात आणून घोडीची पट्टी गिटारच्या अंगाशी समांतर आहे की नाही ते पाहावे. पुढे झुकली असेल तर स्क्रू थोडे आवळावे, मागे झुकली असेल तर सैल करावे, आणि पुन्हा सूर लावावा. एक तार लावली की बाकीच्या हलतात. म्हणून तीन-चार फेऱ्या कराव्याच लागतात. येथे घाई कामाची नाही.

मात्र ताठपणाने हलणे कमी होते, थांबत नाही. शिवाय दांडा जड लागतो आणि नाजूक कंप काढणे कठीण जाते. हलणे थांबवावयाचे तर अडसरच हवा. ठोकळा आणि त्याच्या खाचेची मानेकडील भिंत यांच्यामध्ये कठीण लाकडाचा नेमका तुकडा बसवून स्प्रिंगा थोड्या जास्त आवळल्या, तर घोडी फक्त खाली झुकते, वर उचलली जात नाही. मग एक तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतात, आणि बेताची मींडही त्यांना ढळवीत नाही. दोन्ही बाजूंनी तुकडे बसवले की घोडी स्थिरच झाली. प्रसिद्ध वादक एरिक क्लॅप्टन यांनी आपल्या गिटारची घोडी लाकडाने अडवून ठेवण्याचा मार्ग पत्करला होता.

एवढे करूनही घोडी मूळ जागी परतत नसेल, तर दोष घर्षणाचा समजावा. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात तेथे पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घालावी, खुंटीवर तारेचे वेढे कमी ठेवावे. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने १९७० नंतरच्या दशकात तारा दोन्ही टोकांना आवळून टाकणारी घोडी काढली, ती याच घर्षणावर मात करण्यासाठी. आमच्याकडे यात पावसाळ्याची भर पडते. आषाढ-श्रावणातील दमट हवेने मानेचे लाकूड फुगते, तिचा बाक बदलतो, तारा आणि स्प्रिंगा गंजतात. म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या, आणि पाऊस लागताना व सरताना असा वर्षातून दोनदा घोडीचा तोल तपासावा.

तात्पर्य, मोकळेपणा आणि स्थैर्य ही दोन्ही या वाद्यात एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. ज्यास दांड्याची करामत हवी त्याने थोडी अस्थिरता सोसावी. ज्यास मींड आणि निश्चित सूर हवा त्याने अडसर घालावा. आपल्याला कोणते संगीत वाजवावयाचे आहे हे आधी ठरवावे, आणि मगच स्क्रूला हात लावावा.